ऊन पडलं म्हणजे वाळलं असं नाही! वळवाच्या आठवड्यातले वाचकांचे प्रश्न

गेल्या आठवड्यात राज्याच्या बऱ्याच भागात सोमवार ते गुरुवार रोज चार-साडेचार वाजले की आभाळ भरून यायचं, शुक्रवारी नुसतंच मळभ, आणि शनिवारपासून असं ऊन तापलं की दुपारी चप्पल काढून गच्चीत पाय ठेवायची सोय राहिली नाही. त्यामुळे या वेळी आलेले प्रश्न बघितले तर निम्म्याहून जास्त याच भानगडीचे, कुरडया, कांदा, आंबा, कूलर, विजा सगळं आहे. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका. जागेसाठी पत्रं थोडी कापली आहेत.

सकाळी उठून बघावं तर आभाळ एकदम निरभ्र, ऊन कडक. दहापर्यंत गच्चीवर वाळवण घालून मोकळी होते तर चारला अंधारून येतं आणि मग नुसती पळापळ. चार दिवस हेच चाललंय. सकाळी एवढं ऊन असताना संध्याकाळी पाऊस येणार हे आधी कळायचं कसं? – एक गृहिणी, बार्शी

ताई, गंमत अशी आहे की सकाळचं ते कडक ऊनच संध्याकाळचा पाऊस घडवतं. एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यापासून खाली कर्नाटक-केरळपर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा बऱ्याचदा तयार होतो, त्याच्या आसपास बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून बाष्प जमिनीलगत ओढलं जातं. आता खाली ही दमट हवा, वर कोरडी हवा आणि मध्ये एक उबदार थर जो खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. गॅसवर दूध तापत असतं, वर साय धरलेली असते आणि बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं, मग एका क्षणी उतू जातं, तसंच. सकाळपासून जमीन तापत राहते, दुपारी दोन-तीनला तो थर फुटतो आणि हवा जी सुसाट वर जाते ती बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा करते. म्हणून पाऊस दुपारनंतरच येतो आणि म्हणूनच सकाळ कोरडी मिळते.

कळायचं कसं तर सकाळी आठलाच अंग चिकट होतंय का बघा. आठ वाजता घाम येऊन पुसावा लागतोय आणि झाडाचं पान हलत नाहीये तर त्या दिवशी सावध राहायचं. मग बारा-एकला आभाळाकडे बघायचं, कापसाचे छोटे ढग आडवे पसरत असतील तर काळजी नाही, पण उभे वाढायला लागले, रुंदीपेक्षा उंची जास्त दिसायला लागली, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या एकदम ठळक दिसायला लागल्या की गच्चीवर जायला तयार राहा. आणि ढगाचा माथा सपाट होऊन एका बाजूला पसरला की मग वेळ घालवूच नका, आधी वाळवण आत. अंदाज चुकेल कधीतरी, पण या आठवड्यासारखे दिवस असले की सकाळी सहा ते दुपारी दोन एवढीच गच्ची आपली असं धरून चालायचं, आणि त्या वेळात जे वाळून होईल तेवढंच घालायचं. उन्हं वर आल्यावर दहाला घालायला सुरुवात केली तर हातात चारच तास राहतात.

आम्ही राहतो कोथरूडला, सासर हडपसरला. मंगळवारी तिकडे गारा पडल्या, व्हॉट्सॲपवर फोटो आले, आमच्याकडे थेंब नाही. मोबाईलवर दोन्हीकडे सेमच अंदाज, "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस". हे तुरळक म्हणजे नक्की काय? कुणाच्या नशिबी ते कोण ठरवतं? – एक वाचक, पुणे

कुणीच ठरवत नाही. वळवाचा एकेक ढग काही किलोमीटरचाच असतो आणि त्याचं आयुष्य बऱ्याचदा अर्धा-पाऊण तासाचं, तो कुठे उभा राहील हे आदल्या दिवशी पेठेनुसार सांगणं आजही शक्य नाही. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी. काही ठिकाणी म्हटलं तर 26 ते 50 टक्के, बऱ्याच ठिकाणी म्हणजे 51 ते 75, त्याच्या वर गेलं की जवळपास सगळीकडे. म्हणजे तुरळक लिहिलेलं असताना चारातल्या तीन जणांकडे पाऊस न पडणं हाही अंदाज बरोबर येणंच आहे, लोक उगाच शिव्या घालतात. अलर्टचं पण तसंच, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता काहीतरी करा. यलो आला की शाळेला सुट्टी का नाही असं विचारणारे पालक आहेत, त्यांना नम्र नमस्कार.

तुमच्या कामाचा तो हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज, नाउकास्ट म्हणतात तो. ढग उभा राहिल्यावर रडारवर दिसतो, मग जिल्ह्यानुसार पुढच्या दोन-तीन तासांसाठी इशारा येतो. आदल्या रात्रीचा अंदाज बघून दिवसाचं प्लॅनिंग करा आणि दुपारी दोननंतर नाउकास्ट बघा, एवढं पुरतं. बाकी सूर्याचं आणि ढगाचं चित्र दाखवणारी जी ॲप्स आहेत ती एवढ्या छोट्या ढगाला पकडत नाहीत, त्यांच्यावर कुरडया घालू नका.

ओल्या कुरडयांवर पाऊस पडला. अर्ध्या भिजल्या, अर्ध्या वाचल्या. टाकून देऊ का? आणि गहू भिजत घातलेत त्याचं आता काय करू, चीक तयार आहे! – नवीन सून, सांगोला (सासूबाई गावाला गेल्यात, लवकर सांगा)

आधी चीक. तो खराब होत नाही लगेच, वरचं पाणी ओतून टाका, ताजं पाणी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा, दिवसातून एकदा पाणी बदला. दोन दिवस आरामात निघतात. आभाळ उघडलं की शिजवायला घ्या.

आता कुरडया. ज्या पावसात भिजून ओघळल्यात, आकार गेलाय, त्या वाळवायच्या नादाला लागू नका. त्याच दिवशी कांदा-मिरचीची फोडणी देऊन खाऊन टाका, छान लागतात, सासूबाईंना सांगायची गरज नाही. ज्या वाचल्यात त्या प्लॅस्टिकवरून उचलून सुती कापडावर घ्या, जुनं धोतर किंवा सुती साडी असेल तर उत्तम, आणि घरात पंख्याखाली एकेरी पसरा. एकावर एक नाही. वरून हात लावल्यावर चिकटायची थांबली की उलटी करा कारण आतला ओलावा खालच्या बाजूलाच साठून राहतो आणि तिथेच आधी आंबूस वास धरतो. रात्रभर पंखा चालू राहू दे. सकाळी ऊन आलं की बाहेर, दुपारी आत, असं दोन-तीन दिवस. मोडून बघायची, कट्कन आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून ओल आहे. काळे किंवा हिरवे ठिपके दिसले तर ती कुरडई सरळ टाका, ठिपका खरवडून तळून बघू वगैरे नको, बुरशी जिथे दिसते तेवढीच नसते.

आणि पुढच्या वेळी असे दिवस चालू असले तर उडदाचे पापड आधी उरकून घ्या. ते तसेही सावलीतच वाळवतात, कडक उन्हात घातले तर तडकतात, त्यामुळे ढगाळ हवेत त्यांचं फारसं बिघडत नाही. बटाट्याचा कीस मात्र अजिबात नको, त्याला पहिल्या दिवशी सलग खडखडीत ऊन मिळालं नाही तर काळा पडतो.

शनिवारपासून कडक ऊन आहे तरी शनिवारी घातलेल्या साबुदाण्याच्या चकल्या रविवारी संध्याकाळपर्यंत ओल्याच. ऊन तर एवढं की डोकं फुटतंय. मग वाळेना का? – एक आजी, वाई

आजी, प्रश्न लाखमोलाचा आहे कारण सगळ्यांना वाटतं ऊन आलं म्हणजे झालं. वाळवणाचं पाणी जातं हवेत, आणि हवेतच आधीच पाणी भरलेलं असेल तर ती अजून घेणार कुठून. चार दिवस पाऊस पडून जमीन ओली झाली, शनिवारी ऊन पडल्यावर तेच पाणी वाफ होऊन वर आलं, म्हणजे पहिले एक-दोन दिवस ऊन असतं पण हवा ओलीच असते. वारा बदलून उत्तर किंवा वायव्येकडून कोरडी हवा यायला लागली की मग एका दुपारीत चकल्या खडखडीत होतात, ऊन तेवढंच असलं तरी.

हे ओळखायला तुम्हाला मोबाईल नको. एक पापड तळा आणि ताटलीत उघडा ठेवा. अर्ध्या तासात सादळला तर आज वाळवण घालायचं नाही, तासाभराने पण कुरकुरीत राहिला तर घाला बिनधास्त. नातवाकडे मोबाईल असेल तर त्याला दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान, बघायला सांगा, बहुतेक वेदर ॲपमध्ये असतो. साधारण 15 अंशांच्या खाली असला तर हवा कोरडी, 20 च्या वर गेला की चिकचिक. आर्द्रतेचे टक्के बघून फसायला होतं कारण ते तापमानाबरोबर सकाळ-दुपार बदलत राहतात, सकाळी 80 दिसतात आणि दुपारी 35, हवेतलं पाणी मात्र तेवढंच असतं.

चकल्या रात्री आत घ्यायला विसरू नका, आणि डब्यात भरायची घाई करू नका.

उन्हाळ कांदा काढून शेतातच पातीखाली झाकून ठेवला होता. दोन पाऊस झाले त्यावर. आता ऊन आलंय, व्यापारी भाव पाडून मागतोय. चाळीत भरून टाकू का? – एक शेतकरी, निफाड

दादा, भाव नाही म्हणून ओला कांदा चाळीत भरायचा मोह होतो हे समजतं, पण हाच कांदा जुलैत चाळीतून पाणी सोडतो आणि सोबत शेजारचा चांगला कांदा पण घेऊन जातो. आधी वेगळं करा. ढिगाच्या वरचा, थेट भिजलेला माल एकीकडे, खालचा कोरडा राहिलेला दुसरीकडे. वरचा माल साठवायचाच नाही, सुकवून जो भाव मिळेल त्याला काढून टाका. जड जातं, पण तोटा आत्ता थोडा आणि नंतर पूर्ण यातलं निवडायचं असेल तर आत्ताच बरा.

खालचा जो कोरडा आहे त्याची मान बघा. बोटाच्या चिमटीत धरून दाबायची, मऊ लागली, गर हलला तर तो अजून तयार नाही. पात कापताना इंच-दीड इंच मान ठेवा, अगदी बुडाशी कापला तर तिथूनच सड आत शिरते. मग सावलीत, शेडमध्ये किंवा झाडाखाली पातळ थरात दहा-पंधरा दिवस राहू द्या, वरची साल कागदासारखी सुटी होऊन रंग चढला पाहिजे. थेट शनिवारच्या उन्हात पसरू नका, भिजलेल्या कांद्याला कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखा होतो.

आणि ताडपत्री. पाऊस आला की झाकायची हे सगळे करतात, पाऊस थांबल्यावर काढायची हे निम्मे विसरतात. ऊन पडल्यावर ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटतो, तुम्ही हात घालून बघा आत, वरून चार थेंब पडले असते ते परवडले असं वाटेल. चाळीत भरताना खालून हवा खेळली पाहिजे, पाखीची, म्हणजे चाळीच्या एका बाजूच्या कप्प्याची, रुंदी चार फुटांच्या आसपास आणि ढीग पाच फुटांपेक्षा उंच नको.

पंचनाम्याचं म्हणाल तर काढणी झालेल्या मालाला काय नियम लागतो ते तलाठी आणि कृषी सहायकांकडे लगेच विचारा, फोटो तारखेसकट काढून ठेवा. उशीर झाला की कुणी ऐकत नाही.

एप्रिलमध्ये 40 डिग्री तापमानात आभाळातून बर्फ कसा पडतो? आमच्या सरांनी सांगितलं पण मला कळलं नाही. आणि गारा खाल्ल्या तर चालतात का? – इयत्ता सातवी, जालना

अरे वा, छान प्रश्न. खाली 40 असलं तरी वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, आपल्याकडे या दिवसात साधारण साडेचार-पाच किलोमीटर वर गेलं की शून्य अंश. वळवाचा ढग त्याच्या कितीतरी वर पोचतो. तिथे पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाहीत, तसेच राहतात, आणि बर्फाचा एखादा कण भेटला की त्याला चिकटून झटकन गोठतात. ढगातला वर जाणारा वारा एवढा जोरात असतो की तो कण खाली पडूच देत नाही, तो वरच फिरत राहतो, थरावर थर चढत जातात आणि मग वाऱ्याला पेलवेना इतका जड झाला की धाडकन खाली. पुढच्या वेळी मोठी गार मिळाली तर कापून बघ, कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक थर दिसतात. पण गारा पडायच्या थांबल्यावर उचल, पडत असताना बाहेर पळू नकोस.

खाण्याचं म्हणशील तर आम्ही पण लहानपणी खाल्ल्यात, पण जमिनीवरची माती आणि हवेतली धूळ त्यात असते. एखादी तोंडात टाकली तर काही होत नाही, वाटीभर नको. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली होती ना, तेव्हा शेतांवर पांढरा थर साचला होता, घरच्या मोठ्यांना विचार, जालन्यात कुणालाही आठवेल.

पाऊस यायच्या आधी जे वारं सुटतं त्याची आता भीती वाटते. आमच्या सोसायटीसमोर मोठं होर्डिंग आहे. पाऊस नसताना एवढं वारं कुठून येतं? – एक वाचक, ठाणे

भीती रास्त आहे. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 जण गेले, तेव्हाही आधी धुळीचं वादळच आलं होतं. ढगातून पाऊस पडायला लागतो तेव्हा थेंबांबरोबर थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते, तीच पावसाच्या पुढे धावत येते. म्हणून तुमच्याकडे थेंब नसताना आधी गार झुळूक, मग धूळ आणि मग एकदम झोडपणं. काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. पण ती गार झुळूक आली की लोक बाल्कनीत येऊन उभे राहतात, गाडी झाडाखाली लावतात! तेव्हाच उलट आत जायचं असतं. आणि होर्डिंगबद्दल सोसायटीच्या लेटरहेडवर पालिकेला अर्ज द्या, परवानगी किती फुटांची आहे ते विचारा, पोच घ्या. नुसतं ग्रुपवर फॉरवर्ड करून होत नाही.

बायका शेतात मिरची तोडत असतात, वीज कडाडली की सगळ्या बांधावरच्या चिंचेखाली गोळा होतात. कितीदा सांगितलं ऐकत नाहीत, म्हणतात भिजायचं का मग. काय सांगू त्यांना? – एक वाचक, उदगीर

भिजा, असंच सांगा. भिजल्याने माणूस मरत नाही. उंच एकटं झाड म्हणजे विजेला खाली यायचा रस्ता, आणि ती झाडावर पडून जमिनीतून पसरते त्यामुळे बुंध्याला हात लावला नव्हता वगैरेला अर्थ नाही. बैल, शेळ्या पण झाडाखाली बांधू नका.

मोजायचं कसं ते त्यांना शिकवा, सोपं आहे. वीज चमकली की एक, दोन, तीन मोजायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटचा आवाज ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. हा अर्धा तास कुणी पाळत नाही, पाऊस थांबला की लगेच निघतात, पण पाऊस थांबणं आणि वीज थांबणं वेगळं. पत्र्याची उघडी शेड चालत नाही. जवळपास काहीच नसेल तर झाडापासून, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, एकमेकींपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं झोपायचं नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी नावाचं ॲप काढलंय, फुकट आहे, आसपास 20 ते 40 किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. मुकादमाच्या मोबाईलवर टाकून द्या. आणि खरं सांगू का, त्या झाडाखाली जातात कारण दुसरी जागा नाहीये, वस्तीवरचं घर दुपारनंतर उघडं ठेवलं तर निम्मा प्रश्न सुटेल, ते मालकाने करायचं असतं.

पाऊस पडला की कूलर लावला तरी नुसतं चिकट होतं, खोलीत सर्दी झाल्यासारखं वाटतं. वाळा बदलला, पंप नवीन घातला, फरक नाही. मेकॅनिक म्हणतो मोटर बदला. – एक वाचक, अकोला

मोटर बदलू नका. कूलर बिघडलेला नाही, हवा बदललीय. कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो, हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर तो हवेला फार फार तर 23 अंशांपर्यंत नेऊ शकतो, म्हणजे जवळपास एसी. पण पावसानंतर 35 अंश आणि 60 टक्के असेल तर अगदी परफेक्ट कूलरने पण 28 च्या खाली जाता येत नाही, वर घरात ओल भरते ती वेगळीच. अशा दोन-तीन दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा चालू करा, समोरची खिडकी उघडा, आतली हवा बाहेर गेली पाहिजे. अकोल्याची हवा परत कोरडी व्हायला कितीसा वेळ लागतोय, सोमवार-मंगळवारपर्यंत हाच कूलर तुम्हाला चादर घ्यायला लावेल.

पावसानंतर आलेल्या हापूसच्या पेटीत आंब्यांवर काळे ठिपके आहेत. विकणारा म्हणतो काही नाही, पावसाचे डाग आहेत. घ्यावा का? – एक खवय्या, डोंबिवली

वरवरचे बारीक ठिपके असतील, दाबल्यावर साल घट्ट असेल तर घ्या आणि लवकर खा, भाव मात्र पाडून मागा. ठिपका खोलगट झालाय, बोट आत जातंय तर तो करपा, म्हणजे बुरशीचा रोग, दोन दिवसांत पसरतो. टाचणीएवढं भोक आणि त्यातून चीक आलेला दिसला तर फळमाशीने डंख मारलेला असू शकतो, तो कापला की अळी निघते, तेवढा बाजूला काढायचा. घरी आणल्यावर पेटीत तसेच ठेवू नका, दमट हवेत एक नासला की शेजारचे जातात, सुटे करून कोरड्या कापडाने पुसा आणि कोरड्या गवतावर लावा. साका, म्हणजे आतला गर पांढरट स्पंजासारखा होतो तो, मात्र बाहेरून ओळखता येत नाही आणि त्याचा पावसाच्या डागांशी संबंध नाही, ते कापल्यावरच कळतं. बागायतदार आंबा चौदा आणे, म्हणजे पुरता तयार व्हायच्या थोडा आधीच काढतो तो साका टाळायलाच.

पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं हे खरं का? – दोन मुलांची आई, परभणी

अंग गार होतं, घाम धुतला जातो, खाज थांबते, त्यामुळे बरं वाटतं एवढं खरं. पण ते थंड पाण्याच्या आंघोळीनेही होतं आणि त्यात विजा नसतात.

वळीव जास्त पडला तर पावसाळा कमी होतो असं आमचे वडील म्हणायचे. या वर्षी एवढा पडलाय. काय समजायचं? पेरणीचं काय? – एक वाचक, औसा

वडिलांचा अनुभव त्यांच्या शिवारापुरता असेल, पण वळीव आणि मान्सून यांचा असा सरळ हिशोब नाही. वळीव म्हणजे इथल्या इथे तापलेल्या जमिनीवरचे सुटे ढग, मान्सून समुद्रावरून हजारो किलोमीटर येणारा वाऱ्याचा प्रवाह. एकाचा अंदाज दुसऱ्यावरून लावला तर फसगत ठरलेली.

2025 मध्ये काय झालं आठवा. 24 मे ला मान्सून केरळात, 2009 नंतर पहिल्यांदा इतक्या लवकर, आणि 26 मे ला थेट मुंबईत, एरवी 11 जून ची तारीख, नोंदींमधलं सगळ्यात लवकरचं आगमन. लोकांनी छत्र्या काढल्या, काहींनी तिफणी पण काढल्या. आणि मग तो थांबला, जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही, राज्याच्या बऱ्याच भागात परत ऊन. ज्यांनी मे च्या पावसावर पेरलं त्यांच्या जिवाला घोर लागला. म्हणजे खरा मान्सून येऊनही हे होतं, तर एप्रिलच्या चार सरींवर काय ठरवायचं. वापसा आला, म्हणजे ओली जमीन कामाजोगी झाली, की नांगरट, कुळवणी उरकून घ्या, ढेकळं फुटतात, कडक उन्हात किडींचे कोष वर येऊन मरतात, वळवाचा तो खरा फायदा आहे. पेरणी जूनमध्ये चांगला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच.

शनिवारी बातम्यांत 36 डिग्री सांगितलं. मी दुपारी बाजारातून आले तर चक्कर आली. 36 ला चक्कर येते का? गेल्या महिन्यात 39 होतं तेव्हा काही झालं नाही. – निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, तो 36 चा आकडा तुमच्या डोक्यावरचा नाही. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो, तो हवेचं तापमान मोजतो. तुम्ही डांबरी रस्त्यावर, उन्हात, हातात पिशव्या घेऊन. त्यात पावसाने हवेतली धूळ धुऊन काढली, त्यामुळे ऊन जास्त चटके देणारं, आणि सूर्य पण वर चढत चाललाय, पुण्यात 13-14 मे च्या सुमारास आणि नागपुरात 26 मे च्या आसपास तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. साताऱ्यात त्याच्याही दोन-तीन दिवस आधी. गेल्या महिन्यातले 39 कोरडे होते, घाम येऊन लगेच वाळायचा आणि अंग गार व्हायचं. शनिवारची हवा दमट, घाम आला पण वाळला नाही, शरीराची गरमी बाहेर जायला वाटच नाही. शिवाय चार दिवस गारव्यात गेले की शरीराची उन्हाची सवय थोडी मोडते.

आणि याला उष्णतेची लाट म्हणत नाहीत म्हणून गाफील राहू नका. सपाट भागात कमाल तापमान किमान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किनारपट्टीला 37 आणि तेवढाच फरक, असं झालं तर लाट जाहीर करतात. तुमच्या 36 साठी कुठलाच अलर्ट येणार नाही. बाजार सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी, निघताना पाणी पिऊन, आल्यावर ताक किंवा कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून. बीपीची गोळी चालू असेल तर ही चक्कर डॉक्टरांच्या कानावर घालाच, काही गोळ्यांनी उन्हाळ्यात बीपी जास्त उतरतं, डोस बदलावा लागतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही.

वर्षाच्या मसाल्याची मिरची आणून ठेवलीय, पावसामुळे पोत्यातच राहिली. आज सोमवार, ऊन मस्त आहे. आजच वाळवून उद्या डंकावर कुटायला देऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

पोतं आधी उघडा आणि मधल्या मिरच्या हातात घ्या. देठाजवळ पांढुरकं काही दिसतंय का, कुबट वास येतोय का बघा, असेल तर त्या निवडून टाकायच्या, भाजल्याने बुरशीचं विष जात नाही. बाकीच्या पसरा, तासातासाने हात फिरवा, उन्हं उतरायच्या आधी आत घ्या. एक मिरची मुठीत घेऊन दाबायची, चुरा झाला आणि आतल्या बिया खुळखुळ वाजल्या तर तयार. आज संध्याकाळी वाकत असेल तर उद्याचा पण दिवस द्या. डंकवाला बुधवारी पण असतोच की.